विहिरीवर गेलेली सिस्टर

सिस्टर युफ्रासिया विहिरीवर पाणी आणायला गेली ती सोळाशे तेवीस साली. अजून परतलेली नाही. बखरीत तिच्या नावापुढे ‘येतेच आहे’ अशी नोंद आहे, आणि मेलेली पाहिल्याशिवाय कुणाचं नाव खोडायचं नाही हा मठाचा नियम. त्यामुळे गेली चारशे वर्षं रोज दुपारी तिचा वाडगा भरला जातो आणि जेवणं आटोपली की कोंबड्यांपुढे ओतला जातो. अख्ख्या स्पेनमध्ये इतक्या धष्टपुष्ट आणि श्रद्धाळू कोंबड्या नसतील.

बखर सांभाळायची सिस्टर कासिल्दा. वय एकाहत्तर, त्यातली पन्नास याच भिंतींच्या आत. पाचापेक्षा कमी नन उरल्या असतील तर मठ बंद, असं बिशपांचं पत्र आलं तेव्हा तिने डोकी मोजली. उरल्या होत्या चार. तिने ‘पाच’ असं कळवून टाकलं. बखरीप्रमाणे ते खरंच होतं.

मोजायला बिशपांनी धाडलेले फादर लेआंद्रो आले, ते ऐन जेवणाच्या घंटेला.

“चारच दिसतायत, सिस्टर.”

“पाचवी विहिरीवर गेलीय, फादर.”

“कधी?”

“झाला थोडा वेळ.”

“अहो, विहीर तर बुजवलेली आहे!”

“म्हणूनच उशीर होतोय,” मठप्रमुख मदर ओब्दुलिया म्हणाल्या. “बसा. जेवताना आमच्याकडे बोलत नाहीत.”

रिकामी जागा एकच होती. फादर पहाटेपासून उपाशी, आणि समोर लसणाचं वाफाळतं सूप. कासिल्दा प्रथेप्रमाणे बखर वाचत होती, तोवर त्यांनी वाडगा पावाने पुसून लख्ख केला. कासिल्दाने वाचन थांबवलं, वाडग्यात डोकावून पाहिलं आणि लेखणी उचलली.

“आज सिस्टर युफ्रासिया पोटभर जेवली.”

“अहो, ते मी जेवलो!”

“ननच्या वाडग्यात? तसं लिहू? लिहिते की. बिशपसाहेब वाचतील.”

फादरांनी वाडगा फिरवून पाहिला. कडेला नाव कोरलेलं होतं. त्यांनी घाम पुसला, कागद ओढला, ‘पाच’ लिहिलं आणि सही ठोकली.

“सापडली एकदाची!” मदर म्हणाल्या. “पण चारशे वर्षं उशीर म्हणजे काय? शिक्षा हवीच. आजची भांडी युफ्रासिया घासेल.”

सगळ्यांनी फादरांकडे पाहिलं. मग फादरांनी बाह्या वर सारल्या.

दाराशी कोंबड्यांनी कलकलाट मांडला होता.