खाटेखालची वाटी

हृदयाच्या ऑपरेशनच्या त्या वॉर्डात दूध विरजण न लावता विरजायचं. सगळ्यांचं नाही हो, कुणाकुणाचं. सकाळचं ड्रेसिंग झालं की मालन सिस्टर प्रत्येक खाटेखाली स्टीलच्या वाटीत दोन घोट दूध ठेवायची आणि दुपारी चारला वाकून बघायची. ज्याचं दूध तसंच, तो आठ दिवसांत घरी. ज्याचं दही लागलं, त्याच्या छातीची जखम चिघळणार म्हणजे चिघळणार. अकरा वर्षांत वाटी एकदाही चुकली नव्हती.

याच कामासाठी डॉ. रेवणकरांनी कॉम्प्युटरवर एक कोष्टक केलं होतं. वय, वजन, साखर, विडी-तंबाखू, ऑपरेशनला लागलेले तास, सगळं भरायचं. मग जंतुसंसर्गाचा धोका किती ते टक्क्यांत यायचं. बिचाऱ्यांचं कोष्टक वाटीपुढे दर महिन्याला आपटी खायचं. शेवटी राउंडला आले की तेही गुडघे टेकून खाटेखाली डोकावायचे आणि फाइलमध्ये लिहायचे, 'विरजलं नाही.' पेशंट तर हटूनच बसायचे. "ड्रेसिंग मालन सिस्टरांनाच करू द्या, त्यांच्या हाताला गुण आहे." मालनला ते ऐकायला आवडायचं. कुणाला नाही आवडणार?

मग नऊ नंबरच्या खाटेवर तिचा धाकटा भाऊ आला, शिवदास. आईबाप गेल्यावर तिनेच वाढवलेला. घरी बायको, दोन लहान मुली आणि सहा म्हशी. बायपासनंतर तिसऱ्या दिवशी मालनने त्याचं ड्रेसिंग केलं आणि खाली वाटी ठेवली. दूध त्याच्याच गोठ्यातलं.

"अक्का, माझ्या गौरीचं दूध हाय ते," छातीशी उशी धरून तो हसला. "असं तसं नासायचं न्हाई."

कोष्टकात त्याला दोनच टक्के होते. मालन सरळ उभी राहायच्या आत दूध घट्ट झालं.

कुणाच्या नकळत ती वाटी तिने मोरीत ओतली आणि दुसरी ठेवली. दुसरी ठेवता ठेवताच लागली. तिसरी वाटेतच. चौथीसाठी किटलीचं झाकण काढलं, तर आतलं सगळं दूध खरवसासारखं थलथलत होतं.

"देवा, माझं काय हवं ते घे," ती मोरीपाशी रडत म्हणाली, "पण याला सोड रे."

वॉर्डातल्या सुंद्रामावशी फरशी पुसत होत्या. मालनने लांबूनच गयावया केली. "मावशी, तुम्ही ठेवा वाटी. मला बघवत नाही."

मावशींनी चहासाठी आणलेलं दूध घेतलं आणि नऊ नंबरखाली ठेवलं. चार वाजले, पाच वाजले. मावशींनी बोट बुडवून वर काढलं. थेंब टपकन गळला.

"उगीच जीव टांगणीला लावलात, सिस्टर. भाऊ ठणठणीत आहे."

मालनला हसावं की रडावं कळेना. डॉक्टरांना दाखवायला तिने वाटी उचलली, दोन पावलं टाकली, आणि वाटी जड झाली. तिचा अंगठा जिथे टेकला होता, तिथून दही लागत पलीकडच्या कडेला गेलं.

मावशींनी वाटीकडे बघितलं, मग तिच्या हातांकडे.

"सगळ्या वाट्या तुम्हीच ठेवायच्या ना?"

"हो."

"आणि ड्रेसिंग?"

मालनला दही लागलेली एकेक खाट आठवू लागली. दोन नंबरचे मुल्लाचाचा. त्या दिवशी गर्दी होती, एकवरून ती थेट दोनवर गेली होती, हात धुवायचे राहिले होते. अकरा नंबरच्या कांबळेबाई. मध्येच फोन आला होता. एवढ्याने काय होतंय, आपल्या हाताला गुण आहे, असं तिला खरोखरच वाटलं होतं. आज सकाळीही ती आठवरून तशीच नऊवर आली होती. घरचंच माणूस, त्याचा कसला विटाळ?

मावशी डॉक्टरांना बोलवायला धावल्या. मालनने नळ सोडला आणि साबण लावून कोपरापर्यंत हात घासले. बेसिनमधलं पाणी घट्ट झालं. दुसऱ्या नळातून आधी धार आली, मग गोळे. स्पिरिटची बाटली उपडी केली, तर ते तळहातावरच थिजलं.

"निघ की मेल्या, निघ!" ती शिव्या देत हात घासत राहिली.

"अक्का!"

तिचा आवाज ऐकून उठायला गेलेला शिवदास खाटेच्या कडेला घसरला होता. छातीचं हाड तारेने बांधलेलं, हातांवर जोर द्यायचा नाही असं तिनेच त्याला बजावलं होतं, आणि त्याने तो दिला नव्हता. उशी खाली पडली होती. एक पाय लोंबत होता.

"अक्का, पडतोय मी. हात दे."

मालन धावत गेली आणि खाटेपासून दोन वितींवर थांबली. दोन्ही हात तिने वर, खांद्यांपाशी धरले होते. कोपरांवरून पांढरं पाणी फरशीवर ठिबकत होतं. दारातून अजून कुणी आलं नव्हतं.

"दे की गं," शिवदास म्हणाला, आणि छातीवरचा हात सोडून त्याने तो तिच्याकडे पुढे केला.