सुकदेवची मेकफाइल

सुकदेव पाटील गेल्याला चार महिने झाले होते, तेव्हा जर्मनीहून शैलजाला ई-मेल आला. तिने आणि सुकदेवने साडीच्या किनारीची नक्षी काढणारा प्रोग्रॅम लिहून सगळ्यांसाठी खुला केला होता. तिकडचा एक गट तो आपल्या सीडीवर घेणार होता, पण एक अडचण होती. बाकी सगळ्या फाइलींवर 'कुणीही वापरा, बदला' असा परवाना लिहिलेला होता, मेकफाइलवर नव्हता. सगळे तुकडे जोडून चालता प्रोग्रॅम तयार करणारी ती फाइल एकट्या सुकदेवची. आता त्याच्या वारसाची लेखी परवानगी हवी होती.

शैलजा सुरतेत कॉलेजात शिकवायची. रविवारी ती फाइलीची छापील पानं आणि परवानगीचा कागद घेऊन पांडेसऱ्याला सुकदेवच्या घरी गेली. सुकदेवचे वडील हिलाल नुकतेच डाइंग मिलमधून आले होते. नखं अजून निळी होती.

"हाई काय शे, ताई?"

"सुकदेवचं काम आहे, काका. कुणालाही वापरता यावं, बदलता यावं, म्हणून तुमची सही हवी."

"बदलता यावं?"

"हो. लोक त्यात सुधारणा करतात."

हिलालनी पानांवरून बोट फिरवलं. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं.

"कपडे वाटले त्याचे. सायकल भाच्याला दिली. हे नका वाटू, ताई. हे त्याने लिहिलंय तसंच राहू द्या."

पानं त्यांनी घडी करून देवाच्या फळीवर ठेवली. सही न झालेला कागद तिने पर्समध्ये टाकला.

सोमवारी कॉलेजच्या लॅबमध्ये तिने प्रोग्रॅममधून सुकदेवची फाइल काढून टाकली. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. तीन दुपारी बसून, त्याची एकही ओळ उतरू नये म्हणून त्याचं काहीही न बघता, तिने नवी लिहिली. त्याने एका ओळीत उरकलं असतं तिथे तिला दहा लागल्या. प्रोग्रॅम मात्र पहिल्याच झटक्यात तयार झाला.

'मेकफाइल आता माझी आहे, परवाना लावला आहे,' एवढंच तिने जर्मनीला कळवलं. आभाराच्या यादीत सुकदेवचं नाव घातलं. त्याला कुणाची सही लागत नव्हती.

मग तिने डबा उघडला. भाजी कसली होती, ते संपेपर्यंत तिच्या लक्षात आलं नाही.