आत्याच्या रेडिओची पितळी कडी

आत्यानं सांगितलं होतं एवढंच, की रेडिओची खरखर तेवढी काढ. पण सांगितलेल्या कामावर थांबेल तो चकाचक कसला! त्याचं दुकान रेडिओ दुरुस्तीचं, पण नाव झालं होतं घासण्यापुसण्यात. म्हणून तर गल्लीनं त्याचं खरं नाव केव्हाच विसरून टाकलं होतं.

खरं तर काम घाईचं होतं. आत्याची नजर पार मंदावली होती. समोरचा माणूस तिला आवाजावरूनच कळायचा. तरी ती एकटी राहायची, आणि तसंच राहायचं यावर ठाम होती. रविवारी तिचा मुलगा, म्हणजे चकाचकचा आतेभाऊ, येणार होता. आईला एकटीला जमत नाही अशी नुसती शंका आली, तरी तो तिला उचलून आपल्या घरी नेणार होता. "त्याच्या आत रेडिओ आणून दे रे बाबा," आत्या म्हणाली होती. "माझा मी लावते, हे दिसू दे त्याला."

खरखर तासाभरात गेली. मग साहेबांची नजर गेली नॉबांकडे. दोन तपकिरी नॉब, एक आवाजाचा, एक स्टेशनचा, आणि दोघांच्या तोंडावर काळवंडलेलं पितळी कडं. झालं, हात शिवशिवायला लागले.

"अहो, त्यांनी खरखर काढायला सांगितलीय, कडी नव्हे," बायको म्हणाली.

"अगं, दहा मिनिटांचं तर काम!"

कसली दहा मिनिटं! कित्येक वर्षांचं तेल, धूळ आणि वाळलेला डिंक, कडी जागची हलेनात. चकाचकनं स्क्रूड्रायव्हरचं टोक घुसवायला घेतलं, तर बायकोनं हातच धरला. "नॉब टिचला तर आत्यांना काय तोंड दाखवाल?" तिनं आपला हेअर ड्रायर आणून दिला. त्यानं पहिलं कडं गरम केलं, काठाखाली शिवणाचा दोरा सरकवला आणि करवतीसारखा मागेपुढे ओढत गोल फिरवला. टक्! कडं हातात आलं.

दुसरं मात्र हट्टाला पेटलं. दोरा तुटला, दुसराही तुटला. "हे अगदी माझ्या सासऱ्यांवर गेलंय," चकाचक पुटपुटला.

"आणि तुम्ही माझ्या सासऱ्यांवर. नको तिथं हात घालायची खोड!"

तो चिडून चहा प्यायला उठला. तेवढ्यात तापलेलं कडं निवलं आणि आपसूक सुटलं. बायको इतकी हसली की विचारू नका.

पितळ घासताना त्याला काठावर खाचा दिसल्या, दोन्ही कड्यांना एकेक. "कुण्या गाढवानं पकडीनं चावे घेतलेत!" म्हणत त्यानं कानस घेतली आणि काठ असा गुळगुळीत केला, की बोट लावलं तर घसरावं. मग कडी पुन्हा नॉबांवर पक्की चिकटवली. स्वारी खूश!

रविवारी सकाळीच चकाचकनं रेडिओ आत्याकडे पोचवला; हत्यारांची पिशवी घेऊन तो तिथंच होता, तेवढ्यात मुलगा आला. आत्या मोठ्या ऐटीत रेडिओपाशी बसली, नॉबवर हात ठेवला आणि थबकली. बोट कड्यावरून गोल गोल फिरत राहिलं. अंदाजानं तिनं नॉब वळवला, तर रेडिओ असा किंचाळला की शेजारी खिडकीत आले.

"अरे, माझ्या खाचा कुठं गेल्या?"

"तुझ्या खाचा?" चकाचकनं विचारलं.

"मीच पाडलेल्या. स्टेशनची वर आली की गाणी लागतात, आवाजाची खाली गेली की रेडिओ बंद."

"बघितलंस आई?" मुलगा म्हणाला. "एक खाच गेली तर ही गत. उद्या गॅसचं काय करशील?"

आत्याचं बोट अजून कड्यावर खाच शोधत होतं. "दादा, चूक माझी आहे. आत्याची नाही," चकाचक म्हणाला आणि पिशवीतून कानस काढली. पण त्या लखलखीत पितळावर त्याचा हात काही चालेना.

"आण ती इकडे," आत्या म्हणाली.

आवाज कमी करून ती हळूहळू स्टेशन शोधू लागली. खरखर, बातम्या, कुणाचं तरी भाषण, पुन्हा खरखर, मग गाणं. ती जराशी पुढे गेली, पुन्हा केसभर मागे आली. आवाज स्वच्छ झाला तशी तिनं डाव्या अंगठ्याचं नख कड्याच्या बरोबर माथ्यावर टेकवलं आणि नखाला लागून कानस ओढली. तीन ओढींत खाच पडली. मग रेडिओ बंद करून दुसऱ्या कड्याच्या तळाशी तशीच. फुंकर मारून तिनं पितळेचा चुरा उडवला, दोन्ही नॉब मुद्दाम वेडेवाकडे फिरवले आणि एका दमात खाचा परत जागेवर आणल्या; मग आवाजाचा नॉब तळापासून जरासा वर घेतला. खोलीत गाणं सुरू झालं, हवं तेवढ्याच आवाजात.

मुलगा पुढे झाला. डोळे मिटून त्यानंही बोटानं खाच चाचपली, नॉब वळवला. नुसती खरखर. पुन्हा वळवला, पुन्हा खरखर. तो हसायला लागला आणि हसता हसता त्यानं डोळे पुसले.

"तू राहा आई इथंच," तो म्हणाला. "मीच येत जाईन."

"ये की," आत्या म्हणाली. "पण दारात ती भली मोठी रिकामी बॅग ठेवलीयस ना, ती नको आणूस. मघाशी अडखळले मी."