वाढलेली हाडं

"नऊ टक्के! एकाहत्तराव्या वर्षी नऊ टक्के हाड वाढलंय माझं!" आई फोनवर ओरडत होती. पलीकडे ॲडलेडला माझा भाऊ गार्थ. "आता बोल की! विकतोस जमीन?"

अट गार्थनेच घातली होती. दोन वर्षांपूर्वी आईची हाडं ठिसूळ निघाली. हाडं किती दाट आहेत ते मोजणाऱ्या या तपासणीत आकडा आणखी घसरला, तर पीटरबरोपलीकडची ही जागा मेंढ्यांसकट विकायची आणि आईने त्याच्या घराजवळच्या दोन खोल्यांत जाऊन बसायचं. आई कबूल झाली होती. आणि जिंकली. डॉक्टरने तर अभिनंदन केलं, वर गोळ्या बंद केल्या तरी चालेल म्हणाला.

मला मात्र चैन पडेना. चहाचा डबा काढायला आई स्टुलावर चढली. ती फळी तिने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या उंचीला बेतून ठोकलेली.

"स्टूल कशाला गं?"

"फळी वर सरकलीय," ती हसली. "सोमवारी मेंढ्यांच्या शेपटीभोवतीची लोकर काढायचीय. मेंढ्या मीच पाडणार, नऊ टक्केवाली."

अंगावर घेऊन, कमरेत वळून, साठ किलोची मेंढी बुडावर बसवायची! मी अंगणात येरझाऱ्या घालत राहिले. म्हातारपणी राग वाढतो, हट्ट वाढतो. हाड वाढतं?

शुक्रवारी सकाळी तिला पिकअपमध्ये कोंबलं.

"बरं चाललंय ते कशाला उकरतेस, टेस?"

"उकरायलाच चाललेय."

"बापावर गेलीस. तोही चालू पंप उघडून बसायचा."

डॉक्टर पोरगेलासा, गोड बोलणारा. "आकडा उत्तम आहे."

"आकडा पाहिलात. चित्र पाहिलंत?"

"यंत्र आकडा देतं, त्यावरून आम्ही..."

"चित्रही देतं ना? काढा."

त्याने जुनं आणि नवं चित्र शेजारी शेजारी लावलं. बघता बघता त्याची खुर्ची पडद्याजवळ सरकली. गोड बोलणं थांबलं. जुन्यात चार मणके नीट एकावर एक. नव्यात मधले दोन बसकेच झालेले. मलाही दिसले.

"हे दोन चेपलेत," तो म्हणाला. "हाड तेवढंच, जागा कमी. पाव मुठीत दाबला की घट्ट लागतो, तसं. यंत्राला ते दाट वाटलं."

"आणि खुब्याचं? तेही मोजता ना?"

त्याने खाली पाहिलं. "घसरलंय. पाठीचा आकडा बघून मी पुढे..."

"पुढे बघितलंच नाही!" मी टेबलावर हात आपटला. "आणि गोळ्या बंद करायला निघालात!"

"चुकलं माझं." मग तो आईकडे वळला. "मर्ल, पाठ कधी दुखली नाही तुमची?"

आई बुटांकडे बघत राहिली. "ऑगस्टात. कुंपणात अडकलेला मेंढा ओढत होते. कट्कन वाजलं."

"आणि मला बोलली नाहीस?"

"बोलून काय करू? गार्थच्या हातात जमीन देऊ?"

डॉक्टरसाठी माझ्याकडे शिव्या तयार होत्या. हिच्यासाठी एकही सापडेना. ऑगस्टपासून ही बाई मोडक्या पाठीने कोकरं उचलत होती, आणि मी तिच्या समोर बसून तिने केलेलं मटण खात होते.

परतताना ती म्हणाली, "गार्थला सांगू नकोस. सोमवार होऊ दे."

खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही तेच हवं होतं. ती जमीन माझीही आहे. माझंही अख्खं आयुष्य तिथेच गेलंय. गार्थला कळलं तर जमीन जाणार. नाही कळलं तर सोमवारी ही मोडणार. धुळीत गाडी कडेला घेतली, नंबर लावला आणि फोन तिच्या हातात दिला.

"मी नाही सांगणार. तू सांग."

"नालायक कार्टी." पण फोन घेतला. "गार्थ? माझी पाठ मोडलीय. दोन जागी... आकडा खोटा होता रे, चेपलेल्या हाडाचा... नाही, रडत नाहीये. सोमवारी तू ये मेंढ्या पाडायला. विकायचं काय ते इथे येऊन, माझ्या तोंडावर बोल... आधी ऐकून तर घे!"

पलीकडचा आवाज चढला. आईचा त्याहून चढला. मी इंजिन बंद केलं. हे लवकर संपणारं नव्हतं.