चौऱ्याऐंशीव्या दिवसाचे दोन फोटो

“मेहनत कमी पडत्या म्हणाले.”

खिजरनं हे खाली मान घालून सांगितलं. त्याच्यापुढच्या ताटलीत सहा उकडलेल्या अंड्यांचा पांढरा भाग होता, नुसताच. अफसानाच्या हातातला चमचा तिथंच थांबला.

“कुणाची मेहनत?”

“माझी की.”

“आणि म्हणालं कोण?”

“सम्राट सर. एकुणऐंशी दिवस झाले, तरी दोनच पॅक दिसाल्यात. सहा पायजेत.”

अफसानानं आवाज चढू दिला नाही, कारण मांडीवर मदिहा दूध पीत होती आणि आई रागावली की ती पोर लगेच तोंड बाजूला करायची. पण ते वाक्य तिच्या डोक्यात विंचवासारखं फिरत राहिलं. तिचा नवरा शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत ओतकामावर होता. भट्टीतून लोखंडाचा लालभडक रस लॅडलमध्ये, म्हणजे लांब दांड्याच्या त्या जड भांड्यात घ्यायचा, दोघांनी दोन्हीकडचे दांडे धरून साच्यापर्यंत न्यायचा आणि धार न तोडता ओतायचा. आठ तास हेच. त्याचे शर्ट धुताना ठिणग्यांनी पडलेली भोकं तिच्या बोटांना लागायची. एवढं करून संध्याकाळी दीड तास जिममध्ये लोखंडच उचलायचं. ह्या माणसाची मेहनत कमी! आणि हे सांगणारा दिवसभर एसीत, आरशापुढं.

पण खिजर तिथं पॅकच्या हौसेनं गेला नव्हता, हेही तिला ठाऊक होतं. फेब्रुवारीत सम्राट सरांनी त्याला सांगितलं होतं, “भावा, चौऱ्याऐंशी दिवस माझा प्लॅन कर. तुझे आधीचे आणि नंतरचे फोटो जिमच्या भिंतीवर आले की तू माझा असिस्टंट ट्रेनर. भट्टी सुटली बघ तुझी.” त्या दिवशी खिजर घरी आला तो मदिहाला उचलून खोलीभर नाचला होता. भट्टी सुटणार! दुपारी जेवायला घरी येता येणार, पोरगी चालायला लागेल तेव्हा बघायला आपण असणार. त्याचं बघून फौंड्रीतल्या आणखी तिघांनी प्लॅन घेतला, त्यात मोल्डिंगचा, साचे करणारा ज्ञानूही होता. सरांनी सगळ्यांना स्वतःचा एक पोस्टर दिला होता. डावीकडे ‘दिवस १’, पोट सुटलेले सम्राट सर. उजवीकडे ‘दिवस ८४’, पोटावर फरशी बसवल्यासारखे सहा चौकोन. खिजरनं तो चुलीच्या वरच्या भिंतीला चिकटवला होता. भूक लागली की तो वर बघायचा.

घरातून भाकरी गेली, भात गेला, रविवारचा मटणाचा रस्सा गेला. दिवसाला बारा अंडी यायची आणि बारा पिवळे बलक उरायचे. अफसाना अंगावर पाजणारी, म्हणून सुरुवातीला तिनंच खाल्ले. मग शेजारच्या धोंडुबाईंना वाटीभर देऊ लागली. पहिले पंधरा दिवस धोंडुबाई हसत न्यायच्या. नंतर अफसाना वाटी घेऊन येताना दिसली की आतूनच ओरडायच्या, “न्हाय गं बाई, ढेकरासुदिक अंड्याचा यालाय!”

त्र्याऐंशीव्या दिवशी सरांचा नवा हुकूम होता. पाणी बंद. मीठही बंद. पाणी तोडलं की कातडी पातळ होते आणि फोटोत पॅक उठून दिसतात.

“मे महिना हाय ओ,” अफसाना दारात आडवी उभी राहिली. “आणि तुमी भट्टीवर जाणार.”

“एकच दिवस. उद्या फोटो झाला की बादलीभर पितो.”

“आणि मधी काय झालं तर?”

“काय हुतंय? हो बाजूला. बस जाईल.”

दुपारी एकच्या सुमाराला दारात मोटरसायकल थांबली. पुढं केरबामामा, खिजरच्या लॅडलचा दुसरा दांडा धरणारे, पन्नाशीचा गडी. मागं खिजर, आणि तो पडू नये म्हणून केरबामामांनी त्याचे दोन्ही हात स्वतःच्या पोटावर टॉवेलनं बांधून घेतले होते.

“पोरी, आधी ह्येला आत घे,” ते म्हणाले, आणि त्याला अंथरुणावर टाकल्यावरच त्यांचा आवाज चढला. “लॅडल भरलेली. ह्यो म्होरं, मी मागं. मधीच ह्येचा गुडघा मोडला. मी दांडा जिमिनीला टेकवला म्हणून, न्हायतर रस एकतर माझ्या बुटात न्हायतर ह्येच्या मांडीवर! काय झालं इचारलं तर म्हणतोय, मामा, फोटोसाठी पाणी सोडलंय. फोटोसाठी! अरं, भट्टीम्होरं उभं ऱ्हाणाऱ्या माणसाचं पाणी तोडणारा त्यो कोण? त्येला आण एकदा माझ्या जोडीला. आठ तास न्हाय, आठ मिन्टं!”

अफसानानं लिंबू पिळलं, मीठ-साखर घातली. पेला तोंडाशी नेला तर खिजरनं ओठ मिटून घेतले. “उद्या फोटो हाय.”

तिनं पेला खाली ठेवला आणि मदिहाचा छोटा चमचा घेतला. पोरीला पाजताना करायची तसं हनुवटीला बोट लावलं, एक चमचा आत गेला, मग दुसरा. पाचव्या चमच्याला त्यानं तिच्या हातातून पेला ओढून घेतला आणि घटाघटा संपवला. केरबामामा तोंड फिरवून दाराबाहेर गेले, गाडीला किक मारल्याचा आवाज आला.

बाप झोपला. त्याच्या कुशीत लेक झोपली. मदिहाची नखं कापायची तर ती झोपल्यावरच. जागी असली की मूठ आवळते. अफसाना छोटी कात्री घेऊन एकेक बोट सोडवू लागली. आठ दिवसांपूर्वीच कापली होती, तरी केवढी वाढली होती! तेवढ्यात खिजरचा फोन वाजला. दोघं जागे होतील म्हणून तिनं घाईनं उचलला. सरांचा मेसेज होता. ‘उद्या ११ ला शूट. पाण्याचा थेंब नाही. हे बघत राहा.’ खाली तोच पोस्टर.

भिंतीवरचा पोस्टर वाफेनं आणि तेलानं मळला होता. फोनवर मात्र तो लख्ख होता. तिनं रागानंच दोन बोटांनी मोठा केला, बघू तरी ह्या माणसाकडे एवढं काय आहे. दिवस एकच्या फोटोत सर खांदे पाडून उभे होते, उजेड पिवळट होता, डाव्या हाताचं बोट सुटलेल्या पोटाकडे. दिवस चौऱ्याऐंशीच्या फोटोत छाती काढलेली, अंग तेलानं चमकणारं, तेच बोट पॅककडे. त्या बोटावर मतदानाची शाई होती.

दोन्ही फोटोंत होती.

अफसानानं स्वतःच्या डाव्या हाताकडे बघितलं. विधानसभेच्या मतदानाला ती दोन महिन्यांच्या मदिहाला उराशी धरून गेली होती. कातडीवरची शाई भांडी घासून पंधरा दिवसांत गेली. नखावरची मात्र नखाबरोबर वर सरकत राहिली. मदिहा पालथी पडायला लागली तेव्हा ती नखाच्या मधोमध होती. पोर टेकून बसली तेव्हा टोकाशी, आणि एक दिवस ह्याच कात्रीनं तिनं ती कापून टाकली होती. आणि सरांच्या बोटावर? दिवस एकला शाई नखाच्या मुळाशी, बाजूच्या कातडीवर ओघळ. दिवस चौऱ्याऐंशीला शाई नखाच्या मुळाशी, बाजूच्या कातडीवर तोच ओघळ.

ह्या माणसाचं पोट चौऱ्याऐंशी दिवस पुढं गेलं आणि नख जागच्या जागी!

तिचे कान तापले. ह्या पोस्टरकडे बघून तिच्या नवऱ्यानं उपाशी दिवस काढले होते. काल रात्री आरशापुढं उभं राहून स्वतःच्या पोटाला चिमटा घेत तो म्हणाला होता, “माझ्यातच कायतरी कमी हाय बघ.” ते आठवून तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा आणखी राग आला.

दुपार कलल्यावर, असरच्या अजानला खिजर उठला. तिनं फोन त्याच्यापुढं धरला, काही न सांगता फक्त दोन्ही फोटोंतलं शाईचं बोट मोठं करून दाखवलं. त्यानं ह्या नखावरून त्या नखाकडे नजर फिरवली.

“एकाच दिवशी काढलेत,” ती म्हणाली.

“तुला हेच पायजे हुतं,” तो एकदम तडकला. “मी भट्टीवरच मरायला पायजे तुला.”

अफसाना उठली आणि त्याचा ठिणग्यांनी जाळी झालेला शर्ट आणून त्याच्या मांडीवर टाकला. “ह्यो मी धुतो रोज,” ती कोल्हापुरी बायका बोलतात तसं म्हणाली. “मला पायजे हुतं म्हणं.”

तो शर्टाच्या भोकातून बोट घालून बसला. मग म्हणाला, “उद्या जाऊ या. तू बी चल.”

दुसऱ्या दिवशी अकराला तिघं जिममध्ये पोचले. सम्राट सरांनी खिजरकडे एकदाच बघितलं. “पाणी प्यालास.”

“व्हय.”

“बघा वहिनी, म्हणून म्हणतो, मेहनत—”

“थांबा,” अफसाना म्हणाली. मदिहाला तिनं ह्या कडेवरून त्या कडेवर घेतलं. “हात दाखवा तुमचा. डावा. आता शाई न्हाय. मग तुमच्या त्या चौऱ्याऐंशी दिवसांत ती जागची हलली कशी न्हाय?” आणि तिनं फोन पुढं केला.

सर मोकळेपणानं हसले. “वहिनी, तुम्ही पोलिसात जायला पायजे हुतं. आता हे बघा, बॉडी माझीच हाय का न्हाय? खोटी न्हाय. पोट फुगवून एक काढला, तेल लावून एक काढला. सगळेच काढत्यात. लोकांस्नी आशा लागत्या.”

“आणि ही बॉडी किती दिवसांची?”

“तालमीत हुतो. आठ वर्षं तरी झाली.”

“आठ वर्षांचे चौऱ्याऐंशी दिवस केले तुमी, आणि ह्यांना म्हणालात मेहनत कमी? काल ह्यांच्या हातात लोखंडाचा रस हुता. पोरगी आठ महिन्यांचीबी न्हाय माझी. काय सांगितलं असतं मी तिला? बाप फोटोसाठी गेला?”

डंबेल्स उचलणारी दोन पोरं थांबून बघायला लागली. सरांनी आवाज खाली आणला. “हे बघ खिजर, झालं गेलं सोड. दहा मिनिटांत तुझे बी दोन्ही फोटो काढतो. भिंतीवर तू, सोमवारपास्नं ट्रेनर तू. बोललो म्हंजे बोललो. तुझ्या फोनवर काढू, तूच टाक, मला टॅग कर. मेंबरनं स्वतः टाकलं की लोकांस्नी पटतंय.”

अफसानानं नवऱ्याकडे बघितलं. तो भिंतीकडे बघत होता. तिथं एक चौकट रिकामी होती.

“काढा,” खिजर म्हणाला आणि त्यानं शर्ट काढला.

तिला ओरडावंसं वाटलं, पण एसीचा गारवा तिच्याही अंगाला लागत होता. दुपारी घरी जेवायला येणारा नवरा तिलाही हवा होता. ती गप्प राहिली, आणि गप्प राहिल्याची लाज तिच्या चेहऱ्यावर चढली.

“मदिहाला दे इकडं,” खिजर म्हणाला.

“पोरगी कशाला?” सर म्हणाले आणि लगेच उजळले. “अरे, असू दे, असू दे! बाप-लेक! लई चालेल बघ. पोट सोड. आणखी सोड. तोंड पाड.” फोटो निघाला. मदिहानं कॅमेऱ्याकडे बघून खालचे दोन नवे दात दाखवले. मग वीस जोर, दंडाला तेल, दिव्याची दिशा बदलली. “श्वास आत. हनुवटी वर. पोरगीला जरा बाजूला धर, पॅक झाकू नको.” दुसरा फोटो निघाला. मदिहा तशीच हसली. तोच पिवळा फ्रॉक, गालावर तीच काजळाची तीट, तेच दोन दात.

अफसानाच्या लक्षात आलं, आणि तिनं पदराचं टोक तोंडावर धरलं.

खिजरनं फोन घेतला, बाकड्यावर बसून सावकाश टाइप करू लागला. सर आरशात स्वतःचे केस ठीक करत म्हणाले, “चांगलं लिही. मनापासनं.” थोड्या वेळानं त्यांच्याच खिशात फोन वाजला. त्यांनी काढून वाचलं.

‘डावा फोटो ११ वाजून १० मिनिटं. उजवा ११ वाजून २१. दोन्ही आजचेच. माझ्या पोरीचे दात मोजा. सरांनी मला ह्यासाठी पाणी बंद ठेवायला लावलं आणि काल मी भट्टीपुढं पडलो.’

“डिलीट कर,” सरांचा आवाज बदलला. “आत्ताच्या आत्ता. न्हायतर नोकरीचं विसर.”

“विसरलो,” खिजर म्हणाला. पोरीला सांभाळत तो एका हातानं शर्ट घालू लागला. अफसानानं पोरीला घेतलं आणि दुसऱ्या हातानं त्याची बटणं लावली, वरपासून खालपर्यंत, सगळ्यांदेखत.

बाहेर उन्हात रसवंतीचं घुंगरू वाजत होतं. खिजरनं दोन ग्लास सांगितले. पहिल्या घोटाला त्यानं डोळे मिटले. कालचं लिंबूपाणी सोडलं तर चौऱ्याऐंशी दिवसांत साखरेचा कण त्याच्या जिभेला लागला नव्हता.

“सोमवारी भट्टी,” तो म्हणाला.

“व्हय,” ती म्हणाली. “दोन बाटल्या भरून देतो.”

फोन सारखा थरथरत होता. कोण हसत होतं, कोण शिव्या देत होतं. केरबामामांनी नुसता नमस्काराचा हात पाठवला होता. मग फौंड्रीच्या ग्रुपवर ज्ञानूचा मेसेज आला. त्याचा आज साठावा दिवस होता आणि तो दुपारच्या पाळीला होता.

‘खिजरभाई, सरांनी मला बी आजपास्नं पाणी कमी कर म्हणून सांगितलंय. मग मी उद्यापास्नं पिऊ का?’

खिजरनं ग्लास खाली ठेवला. त्याची बोटं उसाच्या रसानं चिकट झाली होती, अक्षर दाबलं की दुसरंच उमटायचं. अफसानानं त्याच्या हातातून फोन घेतला, पदराला बोट पुसलं आणि लिहिलं,

‘आत्ता पी.’