मास्तरांचा पाय

शिंप्याच्या घरात धड सायकल नव्हती, आणि हा बाबा निघाला ड्रायव्हर व्हायला! पण करणार काय? तयार कपड्यांनी शिलाईचं दुकान बुडवलं. आठ महिने मशीन झाकून ठेवलेलं. शेवटी बायकोच्या भावाने एका साहेबांकडे शब्द टाकला. "दाजी, लायसन तेवढं आणा, नोकरी तुमचीच."

मग ड्रायव्हिंग स्कूल, रोज अर्धा तास. शिकाऊ गाडीत शेजारी बसलेल्या मास्तरांच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतात. शिकणाऱ्याने घोळ घातला तर सावरायला. आमचा शिंपी स्टिअरिंग घट्ट धरून रस्त्याकडे बघायचा, आणि गाडी कशी अगदी लोण्यासारखी चालायची. "पाय तयार आहे हं तुमचा, जन्मभर मशीन चालवलंय," मास्तर म्हणायचे. माणूस सुखावला. घरची गाडी असती तर एखाद्या रविवारी मैदानात एकट्याने चालवून बघितली असती. परकी कोण देतंय?

परीक्षेला अधिकारी मागे बसले, मास्तर शेजारीच. एका फेरीत पास. बायको लायसन अख्ख्या आळीला दाखवून आली.

सोमवारी साहेबांची गाडी. शिंप्याने गिअर टाकला, पाय उचलला. गाडीने आचका दिला आणि बंद पडली. पुन्हा चालू, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा उडी मारून फाटकावर आदळली. सवयीने त्याने शेजारी बघितलं. तिथे नुसती साहेबांची बॅग. तेव्हा कुठे त्याला कळलं, इतके दिवस क्लच मास्तरच सांभाळत होते. आपण गाडी हातभरसुद्धा चालवलेली नाही.

"लायसन खरं आहे ना?" मागून साहेबांनी विचारलं. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं.

"खरं आहे."

"राहू द्या. मी दुसरा माणूस बघतो."

तो तडक मास्तरांकडे गेला. "मला गाडी येत नाही हो."

"पास झालात ना? आता घरी प्रॅक्टिस करा."

"कशावर?"

मास्तर तोवर पुढच्या मुलीला गाडीत बसवत होते.

संध्याकाळपर्यंत तो नुसता फिरत राहिला. घरी बायकोने पाणी दिलं. "साहेब कसे आहेत?"

"चांगले आहेत."

"उद्या किती वाजता?"

लाजेने त्याचा जीव जात होता. "आजच्याच वेळेला," तो म्हणाला.

त्याच्याकडे बरा शर्ट एकच होता. तिने तो अंगावरून उतरवून घेतला आणि सकाळपर्यंत वाळावा म्हणून लगेच धुवायला बसली.