उंदरांना न लागलेला रोग

हसनला उंदीर चावला तो सोमवारी, सकाळी अकराच्या सुमारास. मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत तो पिंजरे साफ करायचा आणि सुई टोचताना डॉक्टर मॅडमना उंदीर धरून द्यायचा. साल अठ्ठ्याण्णव. एड्सचा विषाणू साध्या उंदराला लागत नाही. म्हणून संस्थेतली मंडळी जन्मतःच रोगाशी लढायची ताकद नसलेले पांढरे उंदीर आणून त्यांच्या अंगात माणसाच्या रक्तातल्या पेशी सोडत आणि मग विषाणू टोचत. उंदराला रोग लागला तर त्याच्यावर औषधं तपासता येतील, असा हा दोन वर्षांचा खटाटोप. अशाच एका टोचलेल्या उंदराने हातमोज्यातून हसनच्या बोटात दात रोवले.

मॅडमनी धावपळ करून हात धुवायला लावला, महिनाभराच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, "तीन महिन्यांनी रक्त तपासेपर्यंत घरात बायकोपासून जपून राहा." हसनने रजा टाकली आणि महाडजवळच्या नाते गावी घरी आला.

बायकोला, मासूमाला, त्याने यातलं काही सांगितलं नाही. आल्या दिवसापासून पडवीत झोपू लागला. गोळ्यांनी मळमळायचं, कालवण ताटात तसंच राहायचं. आठवडाभर तिने पाहिलं, मग विचारलंच.

"मुंबईत दुसरी कोन हाय?"

"कोन नाय गो."

"मग मी जवळ आले की सरकता का? मी काय खुळी हाय?"

हसनच्या ओठांवर सगळं आलं होतं. पण समोरच चुलतभाऊ मुदस्सरचं घर होतं. ट्रक चालवणारा मुदस्सर वर्षभर त्याच एड्सच्या दुखण्याने खंगत होता. घरच्यांनी त्याचं ताट वेगळं केलं होतं, न्हाव्याने यायचं बंद केलं होतं. हसन उठून पडवीत गेला.

मुदस्सर मात्र रोज काठी टेकत त्याच्याकडे यायचा आणि एकच विचारायचा, "तुझ्या उंदरांना लागला का रे रोग?"

"अजून नाय."

"लागेल. तू नीट धर त्यांना."

तिसऱ्या आठवड्यात दोघं एसटीने महाडला गेले. मुदस्सरला दवाखान्यात जायचं होतं. वाटेत हसनने बूथवरून संस्थेत फोन लावला. मॅडमचा आवाज थकलेला होता.

"हसन, एकाही उंदरात विषाणू टिकला नाही. माणसाच्या पेशीच त्यांच्या अंगात मेल्या. सगळं पहिल्यापासून करावं लागणार." मग त्या म्हणाल्या, "तुम्हाला चावला त्याचं रक्तही तपासलं. त्यात काही नाही. तीन महिन्यांनी तपासणी करूच, पण आता धास्ती सोडा."

"अल्हम्दुलिल्लाह!" हसनच्या तोंडून मोठ्याने निघून गेलं. पलीकडे मॅडमनी फोन ठेवला.

बाहेर बाकड्यावरून मुदस्सर उठला. त्याचा चेहरा उजळला होता. "हसतोस म्हंजे लागला ना उंदरांना?"

हसन त्याच्याशेजारी बसला आणि त्याने सगळं सांगून टाकलं. उंदराचा चावा, गोळ्या, पडवी, फोन. मुदस्सरने त्याचं बोट हातात घेऊन न्याहाळलं. जखम आता दिसतही नव्हती.

"मी दुआ मागत होतो रे," तो हळूच म्हणाला. "पाची वेळा. त्यांना लागू दे म्हणून."

मग मुदस्सर दवाखान्याकडे न वळता एसटीच्या थांब्याकडे चालू लागला आणि दोघं परतले.

त्या संध्याकाळी हसनने मासूमालाही सगळं सांगितलं. ती रडली नाही, ओरडलीही नाही. "मुदस्सरभाईला आधी सांगितलंत," एवढंच म्हणाली आणि दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने त्याचं अंथरूण आत टाकलं.

हसन कामावर परतला. त्याचं रक्त स्वच्छ निघालं. उंदरांची नवी खेप यायच्या आधीच मुदस्सर गेला. हसन गावी पोचला तेव्हा मयताला अंघोळ घालायला कोणी पुढे होईना. सगळे अंगणातच घुटमळत होते. हसनने पिशवीतून रबरी हातमोजे काढले, बाह्या दुमडल्या आणि आत गेला. मासूमा कोमट पाण्याचं भांडं दाराशी ठेवून गेली.